वीज गेल्यावर मोबाइल टॉवर किती तास तग धरतो?

२२ जुलै २०२१. रायगड जिल्ह्यात दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. सावित्रीचं पाणी महाड शहरात शिरलं होतं, वीज गेली होती, रस्ते बंद होते आणि तालुक्याच्या मोठ्या भागात मोबाइलला रेंज नव्हती. त्या दुपारी चारच्या सुमारास तळिये गावातल्या कोंडाळकरवाडीवर दरड कोसळली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथकं तिथे पोचली ती दुसऱ्या दिवशी. ८० हून अधिक माणसं गेली.

फोन वेळेवर लागला असता तर त्यातली किती वाचली असती, हे कोणी सांगू शकत नाही. रस्ताच वाहून गेला असेल तर निरोप मिळूनही पथक अडकतं. पण बाहेरच्या जगाला कळायलाच उशीर होणं आणि कळूनही पोचता न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीवर माणसाचा इलाज मर्यादित आहे. पहिलीवर बराच आहे.

त्याच्या आदल्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी, ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हाही हेच झालं होतं. टाळेबंदीचे दिवस होते. मुंबई-पुण्यातले चाकरमानी गावाकडे फोन लावून थकले. घराचं छप्पर उडालं का, म्हातारे आईवडील कुठे आहेत, हे कळायला अनेकांना काही दिवस वाट पाहावी लागली. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दापोली, मंडणगड या तालुक्यांतल्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले.

अशा वेळी आपण म्हणतो, ‘टॉवर पडला असेल.’ काही टॉवर खरोखर पडतात. पण बहुतेक वेळा टॉवर जागच्या जागी उभा असतो. त्याची वीज गेलेली असते, आणि थोड्या वेळाने बॅटरीही संपते. म्हणजे आपत्तीत फोन चालू राहणं हा दूरसंचाराइतकाच विजेचाही प्रश्न आहे, आणि विजेच्या बाजूने तो नीट विचारलाच जात नाही.

टॉवरच्या पायथ्याशी काय असतं?

गावाबाहेरच्या एखाद्या टॉवरकडे नीट पाहा. वर अँटेना दिसतात. खाली तारेच्या कुंपणात एक-दोन लोखंडी कपाटं आणि बाजूला जनरेटर असतो. महावितरणची वीज आधी एका कपाटातल्या रेक्टिफायरमध्ये जाते. तिथे तिचं ४८ व्होल्टच्या डीसी विजेत रूपांतर होतं. टॉवरवरची यंत्रणा या डीसी विजेवर चालते आणि तिच्यावरच शेजारची बॅटरी चार्ज होत राहते.

बाहेरची वीज गेली की बॅटरी त्याच क्षणी भार उचलते. मध्ये एका सेकंदाचाही खंड पडत नाही. म्हणून घरातले दिवे गेले तरी फोनवरचं बोलणं तुटत नाही, आणि आपल्याला वाटतं की टॉवरचा विजेशी काही संबंधच नाही.

बॅटरी किती वेळ पुरेल हे बऱ्याच गोष्टींवर ठरतं. ती किती जुनी आहे, वीज गेली तेव्हा पूर्ण भरलेली होती का, त्या टॉवरवर किती कंपन्यांची यंत्रं आहेत. आपल्याकडे एका टॉवरवर दोन-तीन कंपन्या भाडेकरूसारख्या असतात. टॉवर एका कंपनीचा, त्यावरची यंत्रं इतरांची. त्यामुळे खर्च वाचतो, पण तीन नेटवर्कांचा जीव एकाच बॅटरीत अडकतो. ४जीच्या यंत्रांशेजारी ५जीची यंत्रं आली, तेव्हा विजेची भूकही वाढली. ज्या भागात वीज रोजच ये-जा करते, तिथली बॅटरी बऱ्याचदा अर्धवट भरलेली असते आणि सततच्या वापराने तिचं आयुष्यही लवकर संपतं. म्हणजे जिथे बॅकअपची गरज जास्त, तिथेच तो सर्वांत कमजोर. साधारण परिस्थितीत हिशेब काही तासांचाच असतो.

त्यात चोरीची भर. टॉवरखालच्या बॅटऱ्या चोरीला जाणं हा देशभरातल्या टॉवर कंपन्यांचा जुना वैताग आहे. शिशाला भंगारात भाव मिळतो आणि लिथियमच्या बॅटऱ्यांनाही गिऱ्हाईक आहे. कागदावर असलेला बॅकअप कपाटात असेलच असं नाही.

बॅटरी संपत आली की जनरेटर सुरू व्हायला हवा. टॉवरचा जनरेटर ताशी साधारण दोन-तीन लिटर डिझेल पितो. सलग तीन दिवस चालवायचा तर दीडशे-दोनशे लिटर लागतं. एवढं डिझेल टॉवरपाशी सहसा भरून ठेवलेलं नसतं, ते गाडीने पोचवावं लागतं. आता ‘निसर्ग’नंतरचं चित्र आठवा. रस्त्यावर आडवी पडलेली झाडं, विजेचे वाकलेले खांब, वीज नसल्याने बंद असलेले पेट्रोल पंप. गाडी निघाली तरी डिझेल कुठून भरायचं आणि जायचं कुठून? शहरात अडचण वेगळी. इमारतीच्या गच्चीवरच्या बऱ्याच टॉवरना जनरेटरच नसतो. जागा नसते, आवाज आणि धुराला सोसायटीचा विरोध असतो. तिथे बॅटरी संपली की खेळ संपला.

शिवाय एक साखळी असते, ती सहसा लक्षात येत नाही. प्रत्येक टॉवरला पुढे जोडलेलं राहावं लागतं. ती जोडणी कुठे ऑप्टिकल फायबरने असते, कुठे टॉवर ते टॉवर मायक्रोवेव्हने. डोंगराळ भागात एका मोठ्या टॉवरच्या भरवशावर पाच-सहा छोटे टॉवर असू शकतात. तो एक बंद पडला की मागचे सगळे बॅटरी असूनही मुके होतात. अशा वेळी फोनवर रेंजच्या दांड्या दिसतात, पण कॉल लागत नाही.

टॉवर पडतात किती आणि विजेअभावी बंद किती पडतात?

याचं सर्वांत स्पष्ट उत्तर ऑस्ट्रेलियातून आलं. २०१९-२० च्या उन्हाळ्यात तिथे भीषण वणवे लागले. दूरसंचार यंत्रणेच्या १,३९० ठिकाणांना फटका बसला. आगीने टॉवर जळाले असतील असंच कोणालाही वाटेल. तिथल्या नियामकाने एप्रिल २०२० मध्ये अहवाल दिला, तेव्हा कळलं की सेवा बंद पडण्याच्या घटनांपैकी प्रत्यक्ष आगीच्या नुकसानामुळे घडलेल्या फक्त १ टक्का होत्या. ८८ टक्के घटना वीज गेल्यामुळे घडल्या होत्या.

कॅलिफोर्नियात त्याच वर्षी आणखी वेगळा प्रकार झाला. वाऱ्यात विजेच्या तारांमुळे वणवे पेटू नयेत म्हणून वीज कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये मोठ्या भागाची वीज मुद्दाम बंद ठेवली. आग टाळण्यासाठी केलेल्या या उपायाने फोनच बंद पडले. मरीन काउंटीत निम्म्याहून अधिक, ५७ टक्के मोबाइल केंद्रं बंद झाली. वणव्याचा इशारा ज्या फोनवर यायचा, तोच चालत नव्हता.

आणि २८ एप्रिल २०२५ ला स्पेन व पोर्तुगालमध्ये तर जणू प्रयोगच झाला. वादळ नाही, पूर नाही, भूकंप नाही. दुपारी साडेबाराच्या सुमारास दोन्ही देशांची वीज गेली. टॉवर सगळे उभे. सुरुवातीला फोन चालू होते, मग दुपार सरत गेली तसतशा बॅटऱ्या संपत गेल्या आणि एकेका भागातलं नेटवर्क विझत गेलं. दुकानांतले बॅटरीवरचे रेडिओ संपले. युरोपातल्या प्रगत नेटवर्कची अवस्था दिवस मावळायच्या आत अशी झाली.

चक्रीवादळात अर्थातच टॉवरही पडतात. २०१७ मध्ये ‘मारिया’ वादळानंतर पोर्तो रिकोतली ९५ टक्के मोबाइल केंद्रं बंद होती. तिथे वाऱ्याने टॉवर मोडले आणि केबलही तुटल्या. पण बेटाची वीजयंत्रणाच कोलमडली असल्याने जे टॉवर उभे होते त्यांनाही महिनोन् महिने जनरेटरवर चालवावं लागलं.

जुना लँडलाइन का चालायचा?

घरात अंधार आणि कोपऱ्यातला डबडा फोन मात्र चालू, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना कधीतरी नवल वाटलं असेल. त्याचं कारण साधं आहे. तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर वीजही यायची. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मोठ्या बॅटऱ्या ४८ व्होल्टची वीज तारेतून थेट घरातल्या फोनपर्यंत पोचवायच्या. एक्स्चेंजला जनरेटर असायचा, पाहायला माणूस असायचा. शंभर घरांचा बॅकअप एका जागी होता.

फायबरने हे बदललं. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही. घरातल्या छोट्या डब्याला, म्हणजे राउटरला, घरातलीच वीज लागते. ती गेली की इंटरनेट गेलं आणि त्याला जोडलेला ‘लँडलाइन’ही गेला. आता बॅकअपची जबाबदारी एक्स्चेंजकडून गुपचूप तुमच्या घरात आली आहे. ही अदलाबदल झाली तेव्हा ग्राहकाला कोणी मुद्दाम बसवून सांगितलं नाही. ५१ वर्षांची बाई आणि ८१ वर्षांचे सासरे, दोघांनाही अजून वाटतं की भिंतीवरचा फोन वीज गेल्यावर चालेल.

टॉवर चालू, तरी फोन लागत नाही

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ११ जुलै २००६ ला लोकलमध्ये स्फोट झाले. दोन्ही दिवशी मुंबईकरांनी हातात फोन असून घरी फोन न लागण्याचा अनुभव घेतला. इथे विजेच्या जोडीला आणखी एक कारण होतं, गर्दी.

कोणतंही नेटवर्क सगळ्यांनी एकाच वेळी बोलण्यासाठी बांधलेलं नसतं. रोजच्या वापराच्या अंदाजावर त्याची क्षमता ठरते. आपत्तीत प्रत्येक जण एकाच मिनिटाला फोन लावतो. लागला नाही की पुन्हा लावतो, पुन्हा लावतो, आणि या प्रयत्नांचाच भार वाढत जातो. जपानमध्ये मार्च २०११ च्या भूकंपानंतर कंपन्यांनी नेटवर्क कोसळू नये म्हणून सामान्य व्हॉइस कॉल ७० ते ९५ टक्क्यांपर्यंत रोखून धरले, म्हणजे आपत्कालीन कॉलना वाट मिळावी. त्याच भूकंपात विजेअभावी, जोडण्या तुटल्याने आणि त्सुनामीत वाहून गेल्याने सुमारे २९ हजार मोबाइल केंद्रं बंद पडली होती.

साधा एसएमएस अशा वेळी कामाला येतो. तो फार थोडी जागा घेतो आणि लगेच पोचला नाही तरी रांगेत थांबतो, वाट मिळाली की जातो. कॉलला मात्र दोन्ही बाजूंची वाट त्याच क्षणी मोकळी हवी असते. ‘सुखरूप आहे, शाळेत थांबलोय’ एवढे चार शब्द दहा मिनिटांच्या प्रयत्नांनी न लागणाऱ्या कॉलपेक्षा मोलाचे ठरतात.

आपल्याकडे तयारी काय आहे?

काहीच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०२३ मध्ये देशभर लोकांचे फोन अचानक कर्कश वाजले आणि पडद्यावर चाचणीचा इशारा झळकला, ते अनेकांना आठवत असेल. ती ‘सेल ब्रॉडकास्ट’ यंत्रणा. तिच्यात प्रत्येक नंबरला वेगळा संदेश जात नाही. एखाद्या भागातल्या टॉवरवरून एकच संदेश सगळ्यांना एकदम ऐकवला जातो, गावातल्या दवंडीसारखा. त्यामुळे गर्दीत तो अडकत नाही, नंबर कोणाचा आहे हे माहीत असावं लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. पण दवंडी देणारा उभा असावा लागतो. टॉवर बंद असेल तर इशाराही नाही. वादळ येण्याआधी ही यंत्रणा उत्तम आहे. वादळानंतर ‘धरणातून पाणी सोडतोय’ हे सांगायचं असेल, तर पुन्हा बॅटरीचाच प्रश्न.

दुसरा उपाय आहे इंट्रा सर्कल रोमिंगचा. तुमच्या कंपनीचा टॉवर बंद पडला तर तुमचं सिम जवळच्या दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवर चालू द्यायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरमधल्या पुरानंतर केंद्राच्या दूरसंचार विभागाने तसा आदेश दिला होता. कल्पना चांगली आहे आणि ती आणखी झटपट अमलात यायला हवी. मर्यादा एवढीच की तिन्ही कंपन्यांची यंत्रं एकाच टॉवरवर असतील आणि त्याची बॅटरी संपली असेल, तर कोणाच्या नेटवर्कवर जायचं? आणि एखादाच टॉवर जिवंत असेल तर त्याच्यावर तिघांचा भार येऊन त्याची बॅटरी आणखी लवकर संपते.

चाकांवरचे फिरते टॉवर असतात, ते रस्ता मोकळा झाल्यावर पोचतात. सॅटेलाइट फोन असतात, पण ते भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, त्यामुळे ते प्रशासनापुरतेच. हौशी रेडिओचालकांचीही आठवण ठेवायला हवी. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्ये असलेल्या हॅम रेडिओच्या चमूनेच निरोप पोचवले होते. पण योगायोगावर आपत्ती व्यवस्थापन उभं करता येत नाही.

हल्ली या विषयावर बोलताना कोणीतरी स्टारलिंकचं नाव काढतंच. जून २०२५ मध्ये त्या कंपनीला भारतात परवाना मिळाला. नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीम अशा जिल्ह्यांसाठी तिच्याशी इरादापत्रही केलं. उपग्रहाला खालच्या फायबरची गरज नसते, हा मोठा फायदा. पण घराच्या छपरावरची त्यांची थाळीही विजेवरच चालते. फिरून गाडी तिथेच येते.

किती तास, हे कोणी ठरवायचं?

इथे खरा पेच आहे. ‘टॉवर इतके तास चालला पाहिजे’ असा आकडा नियमात घातला की त्याचे पैसे कोणी द्यायचे हा प्रश्न येतो, आणि म्हणून तो आकडा टाळला जातो.

अमेरिकेत हे उघडपणे घडलं. २००५ मध्ये ‘कॅटरिना’ वादळानंतर तिथल्या दूरसंचार नियामकाने २००७ मध्ये नियम केला की मोबाइल केंद्रांना किमान ८ तासांचा बॅकअप हवा. कंपन्या कोर्टात गेल्या. खर्च, गच्चीवरच्या जागा, वजन, स्थानिक परवानग्या अशी कारणं त्यांनी पुढे केली. २००८ मध्ये सरकारच्याच दुसऱ्या विभागाने तो नियम नामंजूर केला आणि तो अमलात आलाच नाही. पुढे २०१९ च्या वीजबंदीचा फटका बसल्यावर कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये वणव्याच्या धोक्याच्या भागांपुरता ७२ तासांचा नियम केला. संपूर्ण राज्यात नाही, जिथे धोका जास्त तिथेच.

नॉर्वेने मला वाटतं त्याहून शहाणपणाची वाट काढली. २०११ च्या नाताळात तिथे ‘डागमार’ वादळाने वीज आणि फोन दोन्ही घालवले. त्यानंतर त्यांनी मोबाइल केंद्रांना शहरात २ तास आणि शहराबाहेर ४ तास असा किमान बॅकअप सक्तीचा केला. ग्रामीण भागाला जास्त तास, कारण तिथे वीज परत यायला जास्त वेळ लागतो. आकडे लहान आहेत. पण त्याच्या जोडीला त्यांनी वादळाचा धोका असलेल्या नगरपालिकांमध्ये एक-एक जागा निवडून तिथलं केंद्र तीन दिवस चालेल असं बांधायला घेतलं, आणि त्यासाठी सरकारी पैसा दिला. सगळे टॉवर तीन दिवस चालणार नाहीत हे त्यांनी मान्य केलं. पण आपल्या भागात कुठे गेलं की फोन लागेल, हे लोकांना माहीत असेल याची व्यवस्था केली.

आपल्याकडे ट्रायचे सेवेच्या गुणवत्तेचे नवे नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. जिल्ह्यात चार तासांहून जास्त वेळ सेवा बंद पडली तर कंपनीने ट्रायला कळवायचं, आणि २४ तासांहून जास्त बंद राहिली तर पोस्टपेडच्या ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेडच्या ग्राहकाला वैधता वाढवून द्यायची. तरतूद ग्राहकाच्या बाजूची आहे. पण नैसर्गिक आपत्तीमुळे सेवा बंद पडली असेल तर ही भरपाई लागू होत नाही.

वादळाने टॉवर मोडला तर कंपनीला दंड करू नये, हे पटण्यासारखं आहे. पण वादळ येऊन गेलं, टॉवर शाबूत आहे आणि तीन वर्षांपूर्वीच बदलायला हवी होती ती बॅटरी अर्ध्या तासात संपली, तर ती नैसर्गिक आपत्ती कशी? हा फरक करायचा तर प्रत्येक बंद टॉवरमागचं कारण नोंदवून जाहीर करावं लागेल. ऑस्ट्रेलियाचा ८८ टक्क्यांचा आकडा आपल्याला माहीत आहे तो तिथल्या नियामकाने अशी कारणं मोजून छापली म्हणून.

गंमत अशी की टॉवरबद्दलची बरीच माहिती आपल्याकडे सार्वजनिक आहे. ‘तरंग संचार’ या सरकारी पोर्टलवर तुमच्या घराजवळचा टॉवर शोधता येतो आणि त्याचं उत्सर्जन मर्यादेत आहे का ते पाहता येतं. कंपन्यांच्या साइटवर कुठे कोणतं नेटवर्क मिळतं त्याचे नकाशे आहेत. वीज गेल्यावर हा टॉवर किती तास चालेल, हा रकाना मात्र तिथे नाही. किरणोत्साराची भीती लोकांनी घातली म्हणून ती माहिती जाहीर झाली. बॅकअपबद्दल अजून कोणी पुरेसा आरडाओरडा केलेला नाही.

कोकणात काय करता येईल?

पुढचं वादळ येईपर्यंत रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातला प्रत्येक टॉवर तीन दिवसांचा करणं शक्य नाही आणि कदाचित गरजेचंही नाही. पण प्रत्येक महसूल मंडळात एक टॉवर निवडता येईल. उंचावरचा, पुराच्या पाण्याबाहेरचा, ज्याच्यावर एकाहून जास्त कंपन्या आहेत असा. त्याला मोठी बॅटरी, पावसाळ्याआधी भरलेली डिझेलची टाकी आणि पुढच्या जोडणीसाठी फायबर व मायक्रोवेव्ह अशा दोन वाटा. सौरऊर्जा जोडीला चालेल, पण ढगाळ जूनमध्ये एकट्या तिच्यावर विसंबता येणार नाही. पूर येणाऱ्या गावात ही कपाटं जमिनीवर न ठेवता चौथऱ्यावर चढवायची. २०२१ मध्ये चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा वीज उपकेंद्रंही पाण्याखाली गेली होती. बॅटरीचं कपाट त्याहून खाली असेल तर तिचे तास मोजण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट पैशांची कमी आणि समन्वयाची जास्त आहे. वादळानंतर महावितरण वीज जोडत जातं तेव्हा रुग्णालयं आणि पाणीपुरवठा आधी येतात, यायलाच हवेत. त्या यादीत हे निवडलेले टॉवर असायला हवेत. वायरमनचं पथक कुठे आहे, कोणता फीडर सुरू करायचा, खांब कुठे पोचले, हा सगळा कारभार आता मोबाइलवरच चालतो. फोन बंद तर विजेचं काम रखडतं, आणि वीज नाही तर फोन चालत नाही. हा फेरा कुठेतरी तोडायचा तर सुरुवात टॉवरपासून केलेली स्वस्त पडते.

पैसे कोणी द्यायचे? कंपन्या म्हणतील, ग्राहकाच्या बिलातून. ग्रामीण भागात नेटवर्क पोचवण्यासाठी केंद्राचा ‘डिजिटल भारत निधी’ आहे, आणि तो कंपन्यांच्या महसुलावरच्या आकारणीतून, म्हणजे शेवटी आपल्याच बिलातून जमतो. त्यातून नवे टॉवर उभे राहतात. उभ्या असलेल्या टॉवरला तीन दिवस जिवंत ठेवण्यासाठी त्यातला काही भाग वापरणं हे त्या हेतूत बसायला हरकत नसावी. तीन दिवसांचा खर्च पूर्णपणे कंपनीवर टाकला तर ती तोट्यातले टॉवरच बंद करेल, आणि असे टॉवर नेमके दुर्गम गावांतले असतात.

तोवर घरात काय ठेवावं?

पॉवर बँक भरलेली ठेवणं हे सगळ्यांना माहीत आहे. त्याहून कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे रेंज गेली की फोन स्वतःच नेटवर्क शोधत राहतो आणि त्यात बॅटरी झपाट्याने उतरते. अशा वेळी फोन एअरप्लेन मोडवर ठेवून ठरावीक वेळाने, समजा दर तासाला पाच मिनिटं, उघडून पाहावा. घरातल्या माणसांनी ती वेळ आधीच ठरवून घेतली तर उत्तम.

फोनवर ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ दिसत असेल तर तुमच्या कंपनीचं नेटवर्क नाही, पण दुसऱ्या कोणाचं तरी आहे. ११२ लावून पाहा. तो कॉल दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरूनही जाऊ शकतो.

घरात दोन सिम असतील तर ती दोन वेगळ्या कंपन्यांची असावीत, आणि जमलं तर अशा कंपन्यांची ज्यांचे टॉवर गावात वेगवेगळ्या जागी आहेत. हे ‘तरंग संचार’वर पाहता येतं. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घरातलं इंटरनेट काही तास चालू ठेवतो, मात्र पलीकडे कंपनीच्या किंवा केबलवाल्याच्या डब्याला वीज असेल तरच. महत्त्वाचे चार-पाच नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा, कारण उसन्या फोनवरून कॉल करायची वेळ आली तर आपल्याला कोणाचाच नंबर पाठ नसतो. थोडी रोख रक्कमही जवळ हवी. नेटवर्क नसलेल्या गावात यूपीआय चालत नाही आणि दुकानदाराची उधारीची वही पुराच्या पाण्यात भिजलेली असते.

आणि सेलवर चालणारा एक रेडिओ. आकाशवाणीचं एक प्रक्षेपण केंद्र शेकडो गावांपर्यंत पोचतं, त्याला प्रत्येक गावात चालू टॉवर लागत नाही. त्यावरून तुम्हाला कोणाला निरोप देता येणार नाही. पण पाणी कुठे वाढतंय, कोणता घाट बंद आहे, हे मोबाइल मुका झाल्यावरही कळत राहील. सेल मात्र मे महिन्यात बदला.